पेशंटसोबतची बाई

भूगोलाच्या बाईंचा कॅन्सर बरा होऊन अकरा वर्षं झाली होती. हल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत त्यांना धाप लागायची. नवरोबा म्हणायचे, "अगं, कॅन्सरला लोळवलंस तू, जिन्याचं काय घेऊन बसलीस?" स्वतःच्या छातीत मात्र जरा जळजळलं की ते हार्टच्या डॉक्टरांकडे धाव घ्यायचे, आणि फाइल धरायला बाई सोबत.

या खेपेला बाईंना दारातच लागलेली धाप बघून डॉक्टरांनी दोघांचंही हृदय तपासलं. नवरोबांचं ठणठणीत निघालं. बाईंचं निम्म्याच ताकदीनं चालत होतं.

"कॅन्सरच्या काही औषधांनी हृदय कित्येक वर्षांनीसुद्धा कमजोर होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. "तुमचीच तपासणी वेळच्या वेळी व्हायला हवी होती. आता गोळ्या सुरू करा आणि दगदग बंद."

घरी येताच नवरोबा सोफ्यावर टेकले. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

"म्हणजे पुढच्या वेळी माझ्याबरोबर कोण येणार गं?"



पहिली गोळी गिळून बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही एकटे जा. तुमच्या हृदयाला काही होत नाही, हे आज कळलं मला."