बानाबाईची हाक

"ये गं बाई, ये गं, माळ झाला गार गं,
मागं नको राहू, दिस गेला पार गं..."

हर्सूलच्या तलावापलीकडं, खडकावर उभी राहून बानाबाई मागं राहिलेल्या मेंढीला अशी हाक घालायची. तिची नात शीला तेव्हा तिचा पदर धरून चालण्याएवढी होती. हाक ऐकून मेंढी वळायची, आणि शीलाही वळायची. तिला वाटायचं, हाक आपल्यालाच आहे.

बानाबाई गेली. तिचा आवाज राहिला होता तो कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. आज सकाळी तोही नव्हता.

"मशिनवरची कचरापेटीसुद्धा रिकामी केलीय," सायली मॅडम म्हणाल्या. "म्हणजे चुकून नाही झालं. ठरवून केलंय."

चिकलठाण्याच्या त्या कॉलेजात, लॅबमधल्या शेवटच्या मशिनपुढं तिघं जमली होती. वरद, चारुता आणि शीला. तिघांचा एक गट. एकानं सांगायचं, एकानं टाइप करायचं, एकानं चुका धरायच्या. मग जागा बदलायच्या. मॅडमची ही शिस्त. एकट्यानं शिकलेलं त्यांना चालायचंच नाही. खातं मात्र एकच, वरदचं. तो सकाळी उघडायचा, ते संध्याकाळपर्यंत तसंच उघडं.

खेड्यातल्या शाळांसाठी त्यांनी पाढ्यांचा खेळ केला होता. उत्तर बरोबर आलं की घंटा वाजायची. चुकलं की बानाबाईची हाक.

कल्पना वरदची. शीलानं मोबाइलवर आवाज ऐकवला तेव्हा तो खुर्चीतून उठलाच होता. "अरे यार, पोरगं चुकलं की आजी त्याला माघारी बोलावते! काय भारी!"

शीलाही हसली होती. तिनंच आवाज मशिनवर चढवून दिला. पुढं तिचा मोबाइल पाण्यात पडला आणि जगात तेवढीच एक प्रत उरली.

"त्या पोरीकडं आजीचं दुसरं काय आहे रे?" मॅडम वरदवर कडाडल्या. "एक फोटोसुद्धा नाही. एक आवाज होता, तोही तुला बघवला नाही?"

"मॅडम, मी नाही केलं."

"कॉम्प्युटर तुझंच नाव सांगतोय."

"माझं खातं सगळेच वापरतात!"

"काल भांडण कुणी केलं मग?" चारुता मध्येच म्हणाली. "आम्ही काय बहिरे आहोत?"

भांडण खरं होतं. काल दुपारी शीला म्हणाली होती, "वरद, तो आवाज चुकीच्या उत्तरावरून काढ."

"का गं? पोरांना तोच तर आवडतो."

"काढ म्हणते ना."

"तुझं काय चाललंय? आधी स्वतःच द्यायचा, मग काढ म्हणायचं! थांब, अख्खाच काढून टाकतो. मग बस बोंबलत!"

लॅबभर ऐकू गेलं होतं ते.

आणि हे सगळं खेळ इतका गाजल्यावर. मागच्या आठवड्यात शीलाच्या गावच्या शाळेत तो इंटरनेटनं, याच मशिनवरून लावून पाहिला, ते चारुतानं मॅडमना रंगवून रंगवून सांगितलं होतं. "पोरं वेडी झाली मॅडम! पाढा चुकला की अख्खा वर्ग त्याच्या तोंडावर ओरडतो, 'ये गं बाई, ये गं!' एक पोरगा तर हातापायांवर मेंढीसारखा चालून दाखवत होता. हसून हसून पोट दुखलं. शीलाचे वडील कडूबाकाकाही मेंढरं घेऊन कुंपणापाशी आले होते. आत या म्हटलं, तर आलेच नाहीत. तसेच माघारी वळले. शीला त्यांच्याकडंच बघत राहिली. लाजले असतील बिचारे."

मॅडमनी तेव्हा तिघांची पाठ थोपटली होती.

आता त्यांनी टेबलावर हात आपटला. "प्राचार्यांकडं चल. या प्रोजेक्टमधून तू बाहेर. वर्ष गेलं तर जाऊ दे."

वरदचा चेहरा पांढरा पडला. जुलैत त्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. छावणी भागातल्या त्याच्या घरी पेढे वाटून झाले होते.

"मॅडम, रागात बोललो मी. तोंडानं बोललो! हातानं नाही केलं!"

"तोंड दिसलं काल. हात आज दिसला."

"चारू, तू ओळखतेस ना मला?"

"ओळखत होते," चारुता म्हणाली आणि तिनं मान फिरवली.

मग तो शीलाकडं वळला. "शीला, तू तरी सांग यांना. भांडतो मी, पण असं करीन का? बोल ना! तोंड शिवलंय का तुझं?"

"तिच्यावर ओरडू नकोस!" मॅडम दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांनी शीलाच्या खांद्यावर हात ठेवला. "सकाळपासून पोरगी दगड झालीय. डोळ्यांत पाणीसुद्धा येईना."

शीला मशिनच्या काळ्या पडद्याकडं पाहत होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. चारुतानं पुढं केलेला डबा तसाच बंद होता.

"चल," मॅडमनी वरदला दाराकडं खूण केली.

वरदनं बॅग उचलली. दारात पोचला तसा तो मागं न पाहता म्हणाला, "तुझी आजी असती ना, तिनं तरी माझं ऐकलं असतं."

शीला ताडकन उठली. खुर्ची मागं जाऊन भिंतीवर आदळली. शेजारच्या मशिनवरची पोरंही वळून बघायला लागली.

"थांबा, मॅडम."

"शीला, तू बस बाळा. याचं मी बघते."

"नाय बसत!" तिचा आवाज फाटला. "त्याला सोडा. त्यानं हात बी नाय लावला. माझ्या आजीला मी पुसलं."