एकच रिंग

फोन डायनिंग टेबलाच्या मधोमध ठेवला होता. एका बाजूला सुनेत्रा, समोर गुरुनाथ. चहा कधीच गार झाला होता. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये सकाळचे सव्वानऊ वाजून गेले, तरी मँचेस्टरहून लेकीचा मिस्ड कॉल काही आला नव्हता.

नऊचं ठरलं होतं. ईशानीला कोविड होऊन आज सहावा दिवस. चार शब्द बोलली की खोकल्याची उबळ. काल संध्याकाळी तिने बजावलं होतं, "आई, प्लीज! उद्यापासून फक्त मिस्ड कॉल. वन रिंग म्हणजे आय ॲम फाइन. उचलायचा नाही! वाजतच राहिला, तर समज ॲम्ब्युलन्स बोलावलीये. तेव्हाच उचल."

बजावलं कारण आईची खोड तिला ठाऊक. पुण्यात असल्यापासून मिस्ड कॉलवर झडप घालायची आणि सगळ्यांची बोलणी खायची.

"अहो, तिने हाक मारली तर शेजाऱ्यांना ऐकू तरी जाईल का?"

फेब्रुवारीत दोघं तिच्याकडे जाऊन राहून आले होते. जुनी कापडगिरणी, तिचे आता फ्लॅट केलेले. विटांच्या हातभर जाड भिंती. "शेजारी ढोलताशा वाजला तरी कळणार नाही, बाबा!" ईशानीने भिंतीवर थाप मारून दाखवली होती. पोरीला शांत जागा मिळाली म्हणून सुनेत्रा किती खूश झाली होती तेव्हा! आता त्याच भिंती आठवून तिला धाप लागत होती.

जावं म्हटलं, तर इंग्लंडची विमानं रविवारपासून बंद.

पावणेदहाला गुरुनाथला राहवेना. त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. व्हॉट्सॲपवर ईशानी शेवटची दिसली होती ती काल रात्री.

"मला भीती वाटतेय हो," सुनेत्रा म्हणाली. "खूप भीती वाटतेय."

मन चिंती ते वैरीही न चिंती. गुरुनाथने पोलिसांचा नंबर शोधायला घेतला. ब्रिटनचा नंबर, पुढे त्या देशाचा कोड, आणि तिथेच तो थबकला. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, तिचे नऊ! आपले नव्हे! तिथे आत्ता आठ पन्नास झालेत. झोपली असेल पोरगी!"

"अगं बाई!" सुनेत्रा हसली, हसता हसता रडली. "बारा वर्षं झाली या देशात, आणि तुम्हाला साधं घड्याळ कळू नये?"

"तुला कळलं होतं वाटतं?"

तिने पदर नसलेल्या स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि नवा चहा टाकला. आलं जरा जास्तच किसलं. गुरुनाथने सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

बरोबर दहाला फोन वाजला. ईशानीचं नाव.

"आली गं बाई!" सुनेत्राचा हात सवयीने पुढे गेला. तिने तो मागे घेतला, देवघराकडे वळून हात जोडले.

दुसरी रिंग वाजली.

गुरुनाथने तिच्याकडे पाहिलं. चहा उतू गेला, गॅसवर चर्र झालं. कुणीच उठलं नाही.

तिसरी. चौथी.

"सुनेत्रा..."

"उचलायचा नाही म्हणालीये ती," सुनेत्रा म्हणाली, आणि दोन्ही हात तिने घट्ट मांडीखाली दाबून धरले.