डागी तागा

"डागी ताग्यातलं घे. जाळायचंच आहे ना?" मोबाइलमधून मान वर न काढता शेठ म्हणाला.

बिंदेश्वरी कफनासाठी कापड मागायला आला होता. त्याचा दोस्त फुलेना आणि तो बिहारहून विट्याला बरोबरच आले, शेजारशेजारच्या मागांवर उभं राहून म्हातारे झाले. आज फुलेना मागावरच कोसळला, तो उठलाच नाही.

थकल्या पायांनी बिंदेश्वरी त्या मागापाशी गेला. सकाळी फुलेनानं विणलेलं पांढरंशुभ्र कापड अजून मागावरच होतं. त्यानं कात्री चालवली.

"ए भय्या, एक नंबर माल आहे तो!"

"विणणारापण एक नंबर होता, शेठ."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"उद्याचं उद्या बघू." बिंदेश्वरीनं कापडाची घडी घातली. "आज खांदा द्यायला एक माणूस कमी पडतोय. येताय?"