साबणाची गल्ली

पडवीत खिळ्याला अडकवलेला स्टीलचा कप भिंतीवर किणकिणला आणि समीक्षाचं पेन थांबलं. भिमी आली होती.

तोवर दुपारची सामसूम होती. तिची बालवाडीतली लेक मनस्वी जमिनीवर पालथी पडून खडूने चित्रं काढत होती आणि समीक्षा मुरबाडच्या नव्या मार्टची यादी लिहीत होती. यादी दुकान जसं लागतं तशी. आत शिरल्यावर डाळी, पुढे तेलं, तिथून डावीकडे साबणाची गल्ली, मग खेळण्यांचा कोपरा दिसायच्या आत थेट बिलाच्या रांगेत. खेळणी मुद्दाम पोरांच्या डोळ्यांसमोर मांडलेली असतात, हे तिला पहिल्याच खेपेला कळलं होतं. मनस्वीचं भोकाड टाळायचं आणि परतीची टमटमही गाठायची, तर वाट आधी ठरवलेली बरी.

"वयनी, मार्टात जाताय ना? मला पण न्या की," भिमी पायरीवरून म्हणाली.

भिमी सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीवरची. लावणी-कापणीला यायची. मनस्वी तान्ही असताना बांधावरच्या झोळीत तिला जोजवलं होतं ते भिमीनेच.

"तुला काय हवंय गो?"

"आमच्या रुपाला पोरगी झाली. मनूच्या अंगाला कसा वास यायचा, तो साबू पायजे तिला."

"अगं, मी आणते ना."

"नाय वयनी. नातीचा साबू मी माझ्या हातानं घेईन. तुमी निसती वाट सांगा."

समीक्षाला भरून आलं. तिने भिमीने पुढे धरलेल्या कपात चहा ओतला. मनस्वीने खडूने पडवीतच मार्ट काढून दाखवलं. "इथे दार. इथे डाळी. इथे तेल. आणि इकडे वळलं की साबण!" भिमी हवेत बोट फिरवून वाट पाठ करत राहिली. मग तिने कप विसळला आणि परत खिळ्याला अडकवला.

मार्टात भिमी त्या वाटेने एकटी गेली. डाळी, तेल, डावीकडे. समीक्षा अजून तूरडाळीपाशीच होती, तेवढ्यात पलीकडून खेकसणं ऐकू आलं.

"ए, काय फोडते? चोरते काय? चल, बाहेर हो!"

वॉचमनने भिमीचं कोपर धरलं होतं. तिच्या हातात साबणाचं खोकं होतं, एका बाजूने उघडलेलं, अजून नाकाजवळच. म्हशाच्या जत्रेत लोक माल दाबून, ठोकून, हुंगून घेतात. तशीच तीही घेत होती. साबण न हुंगता कसा घ्यायचा?

दोन पावलांवर एक गॉगलवाली बाई अत्तराच्या बाटल्या मनगटावर फुसफुस उडवून बघत होती. तिला कोणी हटकलं नव्हतं.

"हात काढ आधी!" समीक्षा ओरडली. अख्खं दुकान वळून बघायला लागलं. "त्या बाई अर्धी बाटली उडवतायत, त्यांना धर की! ते नाय जमत?"

"मॅडम, तुमचं काय नाय. पण हिच्यासारख्यांना आत सोडत नाय आमी. काय पायजे ते दारातनं सांगायचं."

समीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हिच्यासारखी म्हणजे कशी रे? ही आमच्या घरातली हाय! आमच्या घरात तिला कोण अडवत नाय, तू कोण लागून गेलास?"

भिमीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मॅनेजर धावत आला. वॉचमन समीक्षाला सॉरी म्हणाला. "मला नको, तिला म्हण!" मग तो भिमीलाही म्हणाला. भिमीने तेच उघडलेलं खोकं बिलाच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या हाताने पैसे दिले. समीक्षाची टोपली तूरडाळीपाशी तशीच राहिली. संतापाच्या भरात ती खेळण्यांच्या कोपऱ्यावरूनच बाहेर पडली. मनस्वी रडली नाही. ती वळूनवळून वॉचमनकडे बघत होती.

टमटममध्ये समीक्षाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. नवं माणूस चढलं की पुन्हा सांगितलं. "माणसाला दारात उभं करतात! लाज नाय वाटत?" लोक माना डोलवत होते. भिमी साबणाचं खोकं पदरात धरून बसली होती.

घरी आल्यावर समीक्षा चहा टाकायला आत गेली, तरी तोंड चालूच होतं. "मी तक्रार करणार. सोडायची नाय मी!" बाहेर भिमी पायरीवर टेकली. खिळ्यावरचा कप किणकिणला. मनस्वी बाबाची टोपी घालून, खडू घेऊन पडवीत उभी होती. कोपऱ्यातली काठी तिने खांद्याला लावली होती.

"आता आपलं घर मार्ट. मी वॉचमन," ती म्हणाली. "इथे दार. ही पडवी. तिकडे माजघर. तिकडे चूल."

समीक्षा चहाचं पातेलं घेऊन आली. भिमीने कप पुढे धरला. पातेलं कपाला लागू नये म्हणून समीक्षाने ते नेहमीसारखं उंच धरलं, आणि धार सोडली.

मनस्वी खडू घेऊन उंबऱ्याशी वाकली. एकदा भिमीकडे बघितलं, एकदा आत. मग तिने मान वर केली.

"आई, भिमीमावशी आपल्या घरातली ना? मग सांग, तिला कुठवर सोडू?"