गुरुवारचे मेसेज

"सर, शाल्मलीताईच्या नावानं बँकेचं रजिस्टर आलं जी. घेता का वापस पाठवू?"

पोस्टमन चंद्रभान फाटकाशी उभा होता. पाच वर्षांत हे नाव त्या अंगणात कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. कृष्णकांतांनी सही केली.

पाकिटात काय आहे, ते न फोडताच कळलं होतं. जानेवारीपासून काळ्या पट्टीची जुनी डेबिट कार्डं बंद, चिपवाली नवी घ्या, असं बँक महिनाभर कळवत होती. लेकीचं खातं तिच्या कॉलेजच्या दिवसांत त्यांनीच उघडून दिलेलं. खात्याला पत्ता समुद्रपूरच्या या घराचा आणि मोबाइल नंबर त्यांचा.

शाल्मलीनं अनुपशी लग्न ठरवलं, तेव्हा मुलाची जात ऐकून कृष्णकांतांनी तिला घराबाहेर काढलं. जन्मभर शाळेत समतेचे धडे शिकवलेला माणूस. अनुप सेवाग्रामला दवाखान्यात नोकरी करणारा, शांत, शिकलेला मुलगा. शाल्मली एका बॅगेनिशी गेली. नंतर ना फोन, ना पत्र.

पण खात्याचा नंबर तिनं बदलला नाही. कुठंही कार्ड घासलं की मेसेज कृष्णकांतांच्या मोबाइलवर येई. आधी किराणा, भांडी, मग औषधांची दुकानं. मध्येच दोन-अडीच महिने काहीच आलं नाही. ते दिवसातून दहादा मोबाइल उघडून बघत. अन्नावरची वासनाच उडाली.

"कुणाचा फोन यायचाय का?" बायकोनं, शरयूबाईंनी, एकदा विचारलं.

"नाही. कुणाचा येणार?"

मग एका गुरुवारी मेसेज आला. रोशनी किड्स वेअर, सेवाग्राम.

आपण आजोबा झालो, हे त्यांना असं कळलं.

तेव्हापासून मेसेज बहुतेक गुरुवारीच येत. दुकानांच्या नावांवरून ते नातवंड वाढताना पाहत राहिले. खेळण्यांचं दुकान. चपलांचं. अलीकडं पाटी-पुस्तकांचं. मुलगा की मुलगी, तेवढं मात्र मेसेज सांगत नव्हता. हे सगळं त्यांनी बायकोपासून लपवलं होतं. शरयूबाई गुरुवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी सेवाग्रामला जात. त्या संध्याकाळी हे एक पोळी जास्त मागत आणि त्या काही न विचारता वाढत.

आता हे पाकीट. कार्ड मिळालं नाही तर शाल्मली बँकेत जाईल, नवा पत्ता देईल, नवा नंबर देईल. म्हणजे मेसेज संपले. त्यांच्या मनात आधी आलं ते हेच. आणि मग स्वतःचीच लाज वाटली. लेकीचं तोंड पाहायचं सोडून आपण तिच्या खरेदीच्या पावत्यांवर जगतोय!

पाकीट त्यांनी रद्दीखाली दडवलं, पण मन ठरलं होतं. तिच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. शरयूबाई सकाळी सातच्या एसटीनं गेल्या. कृष्णकांतांनी पुढची गाडी धरली.

तिचा पत्ता ठाऊक नव्हता. ठाऊक होतं ते फक्त दुकान. विचारत विचारत ते रोशनी किड्स वेअरमध्ये पोचले. मालक मुकेश फ्रॉकांच्या घड्या घालत होता. त्यानं पाकिटावरचं नाव वाचलं.

"हेच नाव राह्यते कार्डावर. येतात न जी दर गुरुवारी. मागच्या खेपेले मी म्हटलं, आता हे कार्ड मशीन घेनार नाई, चिपवालं आणजा. तर एकदम रडाले लागल्या! मले समजेच नाई, कार्डासाठी काऊन रडून राह्यल्या."

कृष्णकांत पाकिटावरचं नाव पुन्हा वाचत राहिले. म्हणजे नंबर बदलायचा चुकून राहिला नव्हता. तिनं तो मुद्दाम ठेवला होता. बापाला कळावं म्हणून ती कार्ड घासत होती.

"तुम्ही कोण जी?"

"घरचाच आहे मी."

"मंग बसा न. अकरापर्यंत येतीनच. पोरगी मोठी गोड आहे त्याइची. सोबतच राह्यते."

पोरगी! त्यांनी समोरच्या ढिगातून पिवळा फ्रॉक उचलला. तीन वर्षांच्या मुलीला बसेल ना, असं दोनदा विचारून घेतलं. मग स्टुलावर बसून ते मनातल्या मनात वाक्य घोकत राहिले. चुकलं माझं. घरी चल. अनुपलाही घेऊन चल.

"आल्या पाहा," मुकेश म्हणाला.

ते धडपडत उठले. दारात शरयूबाई उभ्या होत्या. त्यांचं बोट धरून एक चिमुरडी, थेट शाल्मलीचे डोळे घेऊन आलेली.

म्हणजे हीसुद्धा चोरून लेकीला भेटत होती! कृष्णकांतांना राग आला नाही. उलट छातीवरचं ओझं उतरलं. हसत त्यांनी शरयूबाईंच्या खांद्यावरून मागं, रस्त्याकडं पाहिलं.

"शाल्मली मागून येतेय ना?"

शरयूबाईंनी नातीला जवळ ओढलं. त्यांच्या मुठीत शाल्मलीचं जुनं कार्ड होतं.

"ही जन्मली," त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी ती गेली."