वैरणीची जागा

"हे पत्र तुम्ही कोणाकडून लिहवून घेतलंत, बाई?" आनंदरावांनी पोस्टकार्ड पुढे धरले.

अमीरबीने पदराला हात पुसले. "मला लिवता येत न्हाई, आप्पा. वाचता बी."

"म्हणूनच विचारतो, कोणाकडून."

कार्डावर दोनच ओळी होत्या. इमामखाँसाहेबांच्या चिजा त्यांच्या नव्हेत, केंदूरच्या बहिणीच्या आहेत, तिलाच विचारा. खाली नाव नव्हते. अक्षर मुद्दाम वाकडे काढलेले होते आणि शिक्का शिरूरचा होता. तीन दिवसांनी दौंडच्या संगीत सभेत खाँसाहेबांना मानपत्र अर्पण व्हायचे होते. सभेचे चिटणीस या नात्याने ते आनंदरावांनीच रचले होते. त्यातले 'स्वयंप्रज्ञ रचनाकार' हे शब्द त्यांना आता टोचत होते.

"भावाचा मान सलतो का तुम्हाला?"

"ईदीला आला तवा हितंच जेवला भाई. सलत आसतं तर दुसऱ्यांदा वाढलं आसतं का?"

उत्तर चोख होते. चोख उत्तरांवर आनंदरावांचा विश्वास नसे.

"दळता दळता बोलू का? पीठ संपलंय," असे म्हणून ती जात्याशी बसली. खुंटा फिरू लागला, आणि त्यामागून तिच्या ओठांत मिटलेला स्वरही. मग दोन्ही एकदम थांबले. मूठभर बाजरीची वैरण जात्याच्या तोंडात पडली. पुन्हा जाते फिरले, पुन्हा स्वर उठला.

आनंदरावांची ताल धरणारी बोटे गुडघ्यावर थिजली. खाँसाहेबांच्या तोडी रागातल्या विख्यात चिजेत समेच्या अलीकडे स्वर असाच थांबतो. त्या मौनाच्या स्तुतीला मानपत्रात एक संपूर्ण परिच्छेद वाहिलेला होता. गवयाला तिथे थांबण्याचे काही कारण नव्हते. वैरण घालणाऱ्या हाताला होते.

"ही चीज कोणाची?" त्यांनी हळूच विचारले.

"त्याचीच की. रेडिओवर ऐकून ऐकून माझा हात तसा पडाया लागला."

"घरी रेडिओ आहे?"

"चावडीवर हाय."

"चावडीवर बायका बसतात?"

अमीरबी हसली. "बाया न्हाई बसत. पर आवाज बी बसत न्हाई, आप्पा. समद्या गावात हिंडतो."

"शपथेवर सांगाल?"

हसू मावळले. तिने कंठावर हात ठेवला. "माझ्या गळ्याची आन. त्यात माझं काय बी न्हाई. तुम्ही भाईचा मान आडवू नका."

शपथेपुढे संशयाने माघार घ्यावी, असे आनंदरावांनी ठरवले. मानपत्र छापूनही झाले होते.

सभेच्या दिवशी, दौंडला, खाँसाहेब अचकनाच्या गुंड्या लावत असताना आनंदरावांनी ते कार्ड त्यांच्यासमोरच फाडले.

"एका निनावी पत्रापायी मी केंदूरला जाऊन आलो. क्षमा असावी. आपल्या भगिनींनी स्वच्छ नाकारलं."

खाँसाहेबांचे हात थांबले. "न्हाई म्हनली?"

"शपथेवर."

बाहेर मंडपात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. खाँसाहेब जागचे हलले नाहीत.

"तीस वर्षं झाली, माझ्याम्होरं न्हाईच म्हनती," ते म्हणाले. "वाटलं हुतं, परक्याला तरी व्हय म्हनंल. म्हनून तर तुम्हाला धाडलं, आनंदराव."