आठ नळ्या आणि पावाचा वास

हौसाताईंना दिसत नव्हतं, पण प्रयोगशाळेतला निकाल त्यांच्या नाकावर ठरायचा. तपासणीचा द्रव घातला की जिवंत यीस्टला ताज्या पावाचा वास यायचा, मेलेल्याला काहीच नाही. समोरच्या आठ नळ्यांत छोट्या रीनाला आजारी पाडणारं, तिच्या रक्तात शिरलेलं यीस्ट, म्हणजे एक बुरशी, होतं, आणि प्रत्येक नळीत आधीच्या नळीपेक्षा दुप्पट औषध.

पहिलीला वास आला, दुसरीला आला, अगदी आठवीलाही आला.

"म्हणजे औषध लागू पडत नाही?" दारात उभ्या असलेल्या पास्कलने, रीनाच्या बाबाने, घाबरून विचारलं.

हौसाताईंनी एक धुतलेली रिकामी नळी नाकाशी धरली. तिलाही तोच वास!

"तुम्ही काम काय करता हो?"

"बेकरी आहे, ताई. भट्टीवरून तसाच आलो."

"अहो, मग आधी बाहेर व्हा! इथलं सगळ्यात जिवंत यीस्ट तुम्हीच आहात."

पास्कल अंगणात गेला. पंखा लावून, खोलीतला वास गेल्यावर हौसाताईंनी पुन्हा पहिल्या नळीपासून सुरुवात केली. चौथी त्यांनी दोनदा हुंगली, मग पुढच्या चारही.

"चौथीपासून वास नाही," त्या खिडकीतून ओरडल्या. "रीनाचं औषध लागू पडतंय! ती बरी झाली की खुशाल आत या. पाव घेऊन या."